लेक गेला पुण्याला, पाल राहिली सांगलीत

कृष्णाकाठची | २ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, इकडे पहिल्यांदाच आले आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या चिरंजीवांनी दहावीच्या सुट्टीत हट्टाने लेपर्ड गेको (पाळीव पालीचा एक प्रकार) आणला. तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर आहे. पिवळट अंग आणि त्यावर काळे ठिपके, म्हणून नाव भडंग. सांगलीत दुसरं काय सुचणार! ऑगस्टमध्ये चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. हॉस्टेलवर पाल चालत नाही, आईला चालते, असं गृहीत धरलेलं.

जाताना फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवून गेला: "दर दोन दिवसांनी सहा मीलवर्म, पावडर लावून. पाणी रोज. हात धू." बस्स. तीन महिने सगळं सुरळीत होतं. गेले सोळा दिवस मात्र भडंगने अन्नाला तोंड लावलेलं नाही. अळ्या समोर वळवळतात, हा डोळे मिटून बसतो. मी गाजर किसून ठेवलं. सासूबाईंनी दुधात कुस्करलेली पोळी ठेवून बघितली. चार शितं भाताचीही झाली. ढुंकून बघत नाही. मागच्या पायाच्या बोटांना पांढरं काहीतरी चिकटलंय. लेकाला फोन केला तर "आई, सबमिशन आहे, नंतर बोलतो."

घर विश्रामबागेत, तिसरा मजला. पेटी म्हणजे यांची जुनी माशांची टाकी, दोन फुटी. खाली दुकानदाराने दिलेली निळी वाळू. टाकीखाली एक गरम होणारी चटई आहे. ती मी पतसंस्थेत जाताना आणि रात्री झोपताना न विसरता बंद करते, आगीची भीती वाटते हो.

सासूबाई आधी नाक मुरडायच्या, आता रोज विचारतात, "जेवली का गं ती?" काय करू?

शंकासूर | २ डिसेंबर, रात्री १०:१२

आमच्या ट्यूबलाइटमागे चार आहेत, फुकट. झुरळांसकट खातात. लागली तर सांगा.

रातकिडा | २ डिसेंबर, रात्री १०:२०

शंकासूर, तुमच्या चार पाली काचेवर चढतात, याला चढता येत नाही. बोटांना ती चिकट गादीच नसते, साधी नखं असतात. शिवाय याला पापण्या असतात, डोळे मिचकावतो. घरातल्या पालीला पापणीच नाही, ती जिभेने डोळा पुसते. ताई, सासूबाईंना एवढं सांगा, निम्मी किळस तिथेच जाते.

पोवईनाका | २ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका. मी साताऱ्यात नऊ वर्षं गेको सांभाळतोय, सध्या तीन आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: "न विसरता बंद करते."

पालीला स्वतःची ऊब नसते. जेवलेलं पचवायची ऊब तिला बाहेरून, जमिनीला पोट टेकून घ्यावी लागते. हे प्राणी मूळचे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातले. दिवसा तापलेल्या दगडाच्या कपारीत पडून राहायचं, दिवेलागणीला बाहेर पडून किडे धरायचे, असा दिनक्रम. पोटाखाली ३१ ते ३३ अंश सेल्सिअस मिळालं नाही तर खाल्लेलं तसंच पडून राहतं. म्हणून तो खाणंच थांबवतो. यात त्याचा शहाणपणा आहे. अशा थंडीत जबरदस्तीने तोंडात अळी घालाल तर ती पोटात सडेल, तेवढं करू नका.

ऑगस्ट ते ऑक्टोबर सांगलीची हवाच उबदार असते, चटई बंद असली तरी भागून गेलं. नोव्हेंबरात पहाटेचा गारठा पडला आणि हिशेब चुकला.

आज रात्रीच चार गोष्टी करा. चटई चालू ठेवा. वाळू काढून टाका, ही रंगीत वाळू किड्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. तिच्या जागी साधा टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र घाला, वाटीत ताजं पाणी ठेवा, आणि गाजर, भात, पोळी सगळं बाहेर. हा निव्वळ कीटकभक्षी आहे, भाजीपाल्याचं त्याच्या पोटाला काही कळत नाही.

उद्या मला तीन आकडे सांगा: गरम बाजूच्या जमिनीचं तापमान, गार बाजूचं तापमान आणि भडंगचं वजन. कोविडात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक घरात असेलच. तिच्यावर 'सरफेस'चं बटण असतं ते लावा, 'बॉडी'वर ठेवलं तर ती माणसाच्या हिशेबाने आकडा फुगवून दाखवते. वजनाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. डब्यात ठेवून, डब्याचं वजन वजा करा.

आगीची भीती रास्त आहे, त्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो. दुकान लवकर उघडायचंय.

पानसुपारी | ३ डिसेंबर, सकाळी ८:३०

अळ्यांना कॅल्शियमची पावडर लावतात म्हणे, महाग असते. माझा भाचा पानाचा चुना वाळवून तोच लावतो. चुना म्हणजे कॅल्शियमच ना शेवटी?

मिरजमळा | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

पानसुपारी, भाच्याला आत्ताच्या आत्ता फोन लावा! मी पशुवैद्यकातली, गाई-म्हशींची जास्त. पण चुन्याचं रसायन सगळ्यांना सारखंच. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक. आपली जीभ पानात भाजते ती उगाच नाही. एवढ्याशा जिवाच्या तोंडाची आणि अन्ननलिकेची काय गत होईल! पावडर हवी ती कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली.

फॉस्फरस का नको, तेही सांगते. मीलवर्म असो की रातकिडा, त्याच्या अंगात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. नुसते किडे खाऊ घातले तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. मग जबडा मऊ पडतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, चालताना थरथर सुटते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मैद्यासारखं दळलं तर ते कार्बोनेटच असतं, अडीअडचणीला चालेल. पण त्यात ड-३ जीवनसत्त्व नाही, आणि त्याच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून साधी पावडर बाटलीच्या झाकणात कायम टाकीत ठेवावी, आणि ड-३ वाली आठवड्यातून दोनदा अळ्यांना लावून द्यावी. रोज नको, ड-३ अंगात साठत जातं.

कृष्णाकाठची, बोटांवरचं पांढरं म्हणजे न सुटलेली कात असणार. बोटाभोवती ती आवळत जाते आणि शेवटी बोट गळतं. डब्यात त्याच्या घोट्याइतकंच कोमट पाणी, म्हणजे हाताला जेमतेम ऊन लागेल असं, घेऊन त्यात त्याला दहा-पंधरा मिनिटं उभा करा. झाकण भोकांचं. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हलकेच गोल फिरवा. सुटली तर सुटली, ओढायची नाही. उद्या पुन्हा.

कृष्णाकाठची | ३ डिसेंबर, रात्री ९:१५

आकडे आणले. बंदूक सापडली, सेल एका खेळण्यातून काढले. सकाळी सहाला गार बाजू १८, गरम बाजूही १८! चटई रात्री चालू केली होती, पण यांनी उठून बंद केली. त्यांना मी सांगितलंच नव्हतं. आता तिच्या बटणावर चिकटपट्टी लावून "हात लावाल तर" एवढंच लिहिलंय.

वजन ५४ ग्रॅम. लेकाच्या वहीत ऑगस्टचं ६१ सापडलं. वाळू काढली, सासूबाईंनी स्वतः पेपर अंथरला, शब्दकोड्याचं पान सोडून.

पायांची शेक-आंघोळ केली. एका पायाची दोन बोटं मोकळी झाली. त्याने पाय झटकला नाही की चावला नाही, फक्त तोंड वर करून बघत राहिला. मला जरा रडूच आलं, इकडे सांगायला हरकत नाही.

पोवईनाका | ३ डिसेंबर, रात्री १०:४०

६१ वरून ५४ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. मोठा गेको थंडीत दोन-तीन आठवडे कमी खातो, नर माजावर आला की खात नाही, मादी अंड्यांच्या आधी खात नाही, यात काळजीचं काही नसतं, वजन टिकून असेल तर. वजन असं उतरलं असेल तर विष्ठा तपासून घ्यावी. शेपटी बघा, सगळी गंगाजळी तिथे असते. मानेएवढी जाड आहे ना? मग वेळ आहे.

आता आगीबद्दल. चटई थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवायची नसते, मध्ये थर्मोस्टॅट लागतो. कोंबडीची अंडी उबवायच्या पेट्यांना डिजिटल थर्मोस्टॅट लावतात, तो चालतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, ओळखीच्या वायरमनकडून जोडून घ्या, उघड्या तारा ठेवू नका. त्याची संवेदक तार गरम बाजूच्या लपायच्या जागेत फरशीवर ठेवायची आणि ३२ वर लावायची. तार जागची हलली आणि हवेत लोंबकळली तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, तो चटई तापवतच राहतो, आणि पालीचं पोट भाजतं. म्हणून साफसफाईनंतर पहिली ती तार बघायची. टाकीच्या आत चिकटपट्टी वापरू नका, कातडी सोलून निघते.

टाकी थेट टेबलावर टेकवू नका. चार कोपऱ्यांना बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या लावा, म्हणजे खाली हवा खेळते. उष्णता कोंडली की आगीचा धोका वाढतो, हवा खेळली की तो कमी होतो. चटई फक्त एक तृतीयांश भागाखाली हवी. दुसरं टोक २४ ते २६ वर गार राहिलं पाहिजे, त्याला हवं तेव्हा उठून तिकडे जाता आलं पाहिजे.

तुमच्या मिस्टरांना विजेच्या बिलाचं सांगा. १४ वॅटची चटई अख्खा महिना चोवीस तास चालली तरी दहा युनिट होतात. थर्मोस्टॅट असल्यावर त्याहून कमी.

तुतीवाला | ४ डिसेंबर, सकाळी ६:१०

वहिनी, आमी आटपाडीकडचं. दीड एकर तुती हाय, रेशमाचं शेड हाय. कोल्हापूरचा एक पोरगा येतो आन पन्नास-शंभर आळ्या मोजून घिऊन जातो, त्याच्या अशाच पालीला. म्हणतो मीलवर्म खाऊन कट्टाळलेलं जनावर रेशमाच्या आळीवर तुटून पडतं. मऊ असत्यात, चरबी कमी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आमी बिछान्यावर निर्जंतुक पावडर मारतो, ती आळीच्या अंगाला असती. म्हणून घरी नेऊन दोन-तीन दिस सोच्छ तुतीच्या पाल्यावर ठेवायची, मगच द्यायची. दुसरं, पाला कुठलाबी चालत न्हाई. शेजारच्या द्राक्षाच्या बागेत फवारलं आन वारं आमच्याकडं फिरलं तर आख्खी बॅच झोपती. म्हंजी आळी जिती हाय तर पाला चांगला, असं धरा की.

पाचव्या अवस्थेतली देऊ नका, बोटाएवढी हुती. तिसऱ्या-चौथ्यातली द्या.

रातकिडा | ४ डिसेंबर, सकाळी ८:४५

तुतीवाल्यांना साष्टांग दंडवत! हे कुठल्या परदेशी पुस्तकात मिळायचं नाही.

मापाचा सोपा नियम: त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा रुंद नको. आणि शेतातले नाकतोडे, बांधावरचे किडे घरी आणू नका. तासगाव पट्ट्यात द्राक्षावर काय काय फवारतात ते तुम्हाला माहीतच आहे. काजवा तर चुकूनही नको. एक काजवाही विषारी ठरू शकतो.

मी स्वतः रातकिडे पाळतो. तीन वर्षांपूर्वी डबा सांडला, चाळीसेक निसटले. सोफ्याखाली, फ्रिजच्या मागे, देव्हाऱ्यात. दोन महिने घरात पावसाळा चालू होता. बायको म्हणायची, "तुझी पाल एक आणि तिच्या जेवणाचं भजनी मंडळ वेगळं." त्यापेक्षा लाल झुरळं बरी, वास कमी, आवाज शून्य. पण सासूबाई असलेल्या घरात झुरळं पाळायचा सल्ला मी देणार नाही.

शंकासूर | ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

गंमत बाजूला ठेवून विचारतो. हे कायद्यात बसतं का? नाही तर उद्या वनखात्याचे लोक दारात.

कोर्टकचेरी | ४ डिसेंबर, दुपारी १:१५

थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात साइट्स, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी आली. इग्वाना, बॉल पायथन, आफ्रिकन ग्रे पोपट असं काही घरी असेल तर केंद्र सरकारचं परिवेश पोर्टल बघा. कुठलाही प्राणी घेताना कैदेत पैदास झालेला असल्याची पावती मागा आणि जपून ठेवा, शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. विचारल्याने कोणी धरत नाही.

याहून महत्त्वाचं असं की लेपर्ड गेकोचे भाऊबंद आपल्या रानात आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जात महाराष्ट्रात आणि गुजरातेत आढळते. सातपुड्यातली तर २०१४ मध्ये नवी जात म्हणून नोंदवली गेली. त्यांना विषारी समजून लोक ठेचतात, काही लोक पकडून विकतात. दोन्ही चूक. रानात दिसली तर फोटो काढा, सोडून द्या.

कृष्णाकाठची | ६ डिसेंबर, रात्री ८:३०

थर्मोस्टॅट बसला. गल्लीतल्या वायरमनने "काकू, कोंबड्या पाळताय का?" विचारलं. खरं सांगितल्यावर पैसे घ्यायला तयार नव्हता, फक्त भडंगला बघू द्या म्हणाला.

लपायची जागा म्हणून माहेरच्या वाड्यावरचं जुनं मंगलोरी कौल ठेवलंय आणि त्याखाली शहाबादीचा उरलेला तुकडा. बरोबर केलं ना? फरशीचा आकडा ३२ आला, गार बाजूला २३. अजून खात नाही.

पोवईनाका | ६ डिसेंबर, रात्री ९:१०

कौल आणि शहाबादी! ताई, लोक यासाठी ऑनलाइन हजार-दीड हजार घालवतात. शहाबादी ऊब धरून ठेवते, पंधरा मिनिटं वीज गेली तरी गार पडत नाही, आणि नखंही आपोआप घासली जातात. कौलाच्या कडा बोथट आहेत ना, तेवढं बघा. गार बाजूलाही एक आडोसा द्या, नाहीतर लपण्यासाठी म्हणून तो ऊब नको असतानाही गरम बाजूलाच बसून राहील. मिठाईचा रिकामा खोका, एक दार कापलेला, चालतो.

तिसरा आडोसा ओलसर हवा, कातीसाठी. छोटा प्लास्टिकचा डबा, झाकणाला अंगठ्याएवढं भोक, आत ओला टिश्यू. गरम आणि गार बाजूच्या मध्ये ठेवा. कात टाकायच्या आधी तो राखाडी-पांढरा दिसायला लागतो, तेव्हा आपणहून त्यात जाऊन बसेल. नंतर ती कात स्वतःच खाऊनही टाकतो, तेव्हा "कात कुठे गेली" म्हणून शोधत बसू नका. बाकी टाकी कोरडीच हवी.

खाण्याची घाई नको. आधी आठ दिवस पोट तापू दे. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर एकच अळी चिमट्याने समोर हळूहळू हलवा. नाही घेतली तर दहा मिनिटांनी काढून घ्या. रातकिडे किंवा मीलवर्म रात्रभर मोकळे सोडू नका, तेच झोपलेल्या पालीला कुरतडतात.

मिरजमळा | ७ डिसेंबर, सकाळी ७:५०

हा वेळ विष्ठेच्या तपासणीसाठी वापरा. ताजी, काळी वडी आणि तिच्या टोकाला पांढरा खडू असं असतं. छोट्या डबीत घ्या. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच. आधी फोन करूनच जा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्याच्या वाटेवर. कृमी सापडले तर औषध असतं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे माणसाचं जंताचं औषध अंदाजाने देऊ नका. हो, असं करणारे भेटलेत म्हणून सांगते.

आणि तो चिठ्ठीतला "हात धू" हा चिरंजीवांचा सर्वांत शहाणा शब्द. पालींच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

कृष्णाकाठची | ७ डिसेंबर, सकाळी ८:०५

सिंकमध्येच धुतेय गेले तीन महिने. आजपासून बाथरूम.

गावभागकर | ७ डिसेंबर, रात्री १०:००

उशिरा आलो. एक भर घालतो, कारण हा धागा सांगलीचा आहे.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. वीज नाही, तीन दिवस. माझी मादी तेव्हा चार वर्षांची. बोट आली तेव्हा टाकी नेणं शक्यच नव्हतं. श्रीखंडाच्या एक किलोच्या डब्याला गरम खिळ्याने भोकं पाडली, खाली रुमाल, आत ती, डबा शर्टाच्या आत पोटाशी. माझ्या अंगाची ऊब तिला पुरली. अकरा दिवस तिने काही खाल्लं नाही, फक्त पाणी चाटलं. शेपूट बारीक झाली, पण निभावलं.

तेव्हापासून जूनमध्ये मी एक पिशवी भरून ठेवतो: भोकांचा डबा, टिश्यू, पावडर, छोटी बाटली. वीज गेली तर काय, हा प्रश्न प्रत्येक पाळणाऱ्याने पावसाळ्याआधी स्वतःला विचारावा. इन्व्हर्टरवर चटई रात्रभर चालते, तिचा भार पंख्याहूनही कमी.

आणि उन्हाळा विसरू नका. थंडीचं सगळे बोलतात, पण एप्रिल-मे मध्ये सांगली चाळिशीला टेकते. तेव्हा चटई नको, गारवा हवा. गार बाजू ३२ च्या वर गेली की मी टाकी घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेच्या खोलीत हलवतो आणि जाळीच्या झाकणावर ओला पंचा अर्धाच पसरतो. "ऊन चांगलं" म्हणून काचेची टाकी गॅलरीत ठेवू नका. काचेतून ते हाडांना लागणारं अतिनील किरण येत नाही, नुसती भट्टी होते.

पानसुपारी | ८ डिसेंबर, सकाळी ९:००

भाच्याने चुना बंद केला. त्याच्या गेकोची शेपूट मात्र काल तुटली, पकडताना. आमच्या आईने हळद भरली.

मिरजमळा | ८ डिसेंबर, सकाळी ९:२०

हळद सांगलीची असली तरी पुसून काढा! भुकटी जखमेत चिकटून बसते. कोमट स्वच्छ पाणी, खाली फक्त टिश्यू, रोज बदला. शेपूट पुन्हा येते, पण फुगीर कांद्यासारखी आणि ठिपके वेगळे. साठा गेला म्हणून दोन महिने खाणं जरा वाढवा. आणि वरून झडप घालून धरायचं नाही. पक्षी तसाच झेपावतो, जनावर जिवाच्या भीतीने शेपूट टाकतं. तळहात खाली जमिनीवर ठेवायचा, त्याला आपणहून चढू द्यायचं.

कृष्णाकाठची | ११ डिसेंबर, रात्री ९:४५

खाल्लं!!! एक अळी. मीलवर्मच. मी चिमटा धरला होता, हात थरथरत होता, त्यामुळे अळी फार सुंदर हलली असावी. आधी त्याने मान तिरकी केली, मग शेपटीचं टोक मांजरासारखं थरथरलं आणि गप्पकन. सासूबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो दचकून कौलाखाली गेला. दुसरी अळी मी दिली नाही.

विष्ठेच्या तपासणीत काही निघालं नाही. दोन्ही पायांची कात सुटली.

पोवईनाका | ११ डिसेंबर, रात्री १०:००

अभिनंदन. दुसरी दिली नाहीत हे छान केलंत. दोन दिवसांनी दोन, मग तीन. विष्ठेत अळी अख्खी निघाली तर थांबा, ऊब कमी पडतेय.

अळ्यांनाही जेवू घाला. मीलवर्मचा डबा असेल त्यात गिरणीतला गव्हाचा कोंडा आणि गाजराचा तुकडा. रिकाम्या पोटाची अळी म्हणजे नुसतं टरफल. द्यायच्या आदल्या दिवशी तिने जे खाल्लं, तेच भडंगच्या पोटात जातं. तुमचं ते किसलेलं गाजर असं सार्थकी लागेल.

निळीटाकी | १३ डिसेंबर, दुपारी ४:१०

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मलाही एक घ्यायचाय. विक्रेता 'एनिग्मा' नावाचा दाखवतोय, रंग अप्रतिम. घेऊ?

रातकिडा | १३ डिसेंबर, दुपारी ४:४०

नको. एनिग्मा वाणात मेंदूचा जन्मजात दोष येतो. डोकं वाकडं, गोल गोल फिरणं, किडा धरताना नेम चुकणं. 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा पिवळाधमक वाण दाखवतील, तोही नको, त्याला पुढे गाठी होतात. साधा ठिपक्यांचा घ्या. आणि हे लक्षात ठेवून घ्या की पंधरा-वीस वर्षांचा संसार आहे. तुमचं शिक्षण, नोकरी, लग्न, बदली, सगळं त्याच्या हयातीत होणार. नाहीतर शेवटी आई सांभाळते, वरती बघताय ना.

नर एकत्र ठेवू नका, रक्तबंबाळ करतात एकमेकांना. एका टाकीत एक. त्याला एकटेपणा वाटत नाही, तो आपल्याला वाटतो.

शंकासूर | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

नर की मादी हे कसं कळतं? भडंग 'तो' आहे याची खात्री आहे का?

पोवईनाका | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:२५

शेपटीच्या मुळाशी, पोटाकडून बघा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी ठिपक्यांची ठळक ओळ आणि तिच्याखाली दोन फुगवटे असतील तर नर. गंमत म्हणजे हे अंड्यातच ठरतं, तेही तापमानावर. २६-२८ अंशांना उबवली तर बहुतेक माद्या, ३२-३३ ला बहुतेक नर. यातही शेवटी ऊबच.

कृष्णाकाठची | १६ जानेवारी, रात्री ९:२०

संक्रांतीला लेक आला होता. वजन ५९. दर तीन दिवसांनी सहा अळ्या, आणि तुतीवाले भाऊंकडच्या रेशमाच्या चार. त्या आल्या की भडंग काचेशी येऊन उभा राहतो. विष्ठेसाठी त्याने एकच कोपरा धरलाय, डाव्या हाताचा. घरातल्या दोन पुरुषांना टॉवेल जागेवर ठेवायला मी पंचवीस वर्षं सांगतेय.

लेकाने कौल बघितलं, थर्मोस्टॅट बघितला, वजनाची वही बघितली आणि म्हणाला, "आई, मी पुण्यात फ्लॅट घेतला भाड्याने की याला नेतो." सासूबाई लगेच म्हणाल्या, "कशाला? तिथे कोण बघणार त्याच्याकडे?" आणि वहीत आजचं वजन लिहायला गेल्या.

एक शेवटची शंका. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला लग्न आहे, चार दिवस कोणी घरी नाही. शेजारणीला अळ्या हातात धरवत नाहीत.

पोवईनाका | १६ जानेवारी, रात्री ९:५५

निघायच्या दोन दिवस आधी पोटभर द्या, म्हणजे तुम्ही असतानाच पचेल. चार दिवस उपास त्याला काहीच नाही. शेजारणीने रोज पाण्याची वाटी बदलावी, आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा फोटो काढून पाठवावा. अळ्यांचा डबा मात्र तिच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, आधी विचारा.